कमावत्या बाया आणि एक रिकामी जागा

मालिकांवर साहित्याच्या वार्षिकात कशाला लिहायचे, असे काही जाणकार म्हणतील. कथा-कादंबरीवर लिहिणे प्रतिष्ठेचे आणि मालिकेवर लिहिणे हलके, ही समजूत आपल्याकडे चांगलीच मुरलेली आहे. पण मलकापूर असो, खामगाव असो की देऊळगाव राजा, बुलडाणा जिल्ह्यातल्या आमच्या मोहल्ल्यांत बायकांपर्यंत रोज जी गोष्ट पोचते ती छापील पुस्तकातून पोचत नाही. ती टीव्हीवरून पोचते, अलीकडे मोबाईलवरून पोचते. लाखो बायका ज्या पात्रांसाठी हसतात, रडतात, त्या पात्रांची तपासणी टीकाकारांनी करायची नाही तर कोणी करायची?

आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळांत शिकवणाऱ्या बाया. मधल्या सुट्टीत डबे उघडले की कालच्या भागाचा विषय निघतोच. कोणती बाई आवडली यावर आमच्यात एकमत होत नाही. कोणाला तुलसी आवडते, कोणाला कशफ. तरी इतक्या वर्षांच्या बोलण्यातून एक गोष्ट ध्यानात आली. ज्या स्त्रिया आम्हाला मनापासून आवडल्या त्या बहुतेक सगळ्या कमावत्या आहेत.

याला कारण आहे. आमच्या भागातल्या कित्येक उर्दू शाळा सातवी-आठवीपर्यंतच आहेत. पुढे शिकायचे तर मुलीला एस.टी.ने दुसऱ्या गावी जावे लागते, नाहीतर मराठी शाळेत नाव घालावे लागते. तिथे घरचे अडतात. ‘बाजी, शिकून ती करणार काय?’ असे आई विचारते. या प्रश्नाला आमच्या तोंडी उत्तराचा उपयोग थोडाच होतो. नोकरीवर जाऊन, पगार घेऊन, मान राखून संध्याकाळी घरी परतणारी बाई आईने रोज अर्धा तास पाहिलेली असेल, तर त्याचा उपयोग जास्त होतो. म्हणून पात्र पाहताना आम्ही तीन गोष्टी पाहतो. ती काम करते का? ते काम पडद्यावर दिसते का? आणि त्या कामामुळे घरात तिच्या शब्दाला वजन येते का?

या कसोटीवर सर्वांत वर येते ती दूरदर्शनवरच्या ‘उडान’मधली कल्याणी सिंग. आमच्या पिढीने ही मालिका मागाहून इंटरनेटवर पाहिली. कविता चौधरी यांनी ती लिहिली, दिग्दर्शित केली आणि कल्याणीची भूमिकाही स्वतःच केली. सर्फच्या जाहिरातीतली ललिताजी ती हीच. २०२४ साली त्या वारल्या. आपली बहीण कंचन चौधरी भट्टाचार्य यांच्या आयुष्यावरून त्यांनी कल्याणी उभी केली. कंचनताई २००४ मध्ये उत्तराखंडच्या पोलीस महासंचालक झाल्या. एखाद्या राज्याच्या पोलीस दलाचे प्रमुखपद मिळालेल्या त्या देशातल्या पहिल्या महिला. कल्याणी आवडण्याचे कारण तिची वर्दी नव्हे. वर्दी अंगावर येण्याआधीची मेहनत मालिकेने वगळली नाही, हे कारण आहे. अभ्यास, परीक्षा, प्रशिक्षणातला घाम, नेमणुकीनंतरचा अवघडलेपणा, हे सगळे आपण पाहतो. अधिकारी आकाशातून पडत नाही, पायऱ्या चढून तिथे जाता येते, हे मुलींना कळते.

त्याआधी १९८५ मध्ये बासू चटर्जींची ‘रजनी’ आली होती. विजय तेंडुलकरांची कन्या प्रिया तेंडुलकर हिने ती भूमिका अजरामर केली. रजनी गृहिणीच होती. पण गॅसवाला, टॅक्सीवाला, सरकारी कारकून यांच्यापुढे मान न तुकवता हक्काचे मागणारी बाई तिने घराघरांत नेली. आमच्या कसोटीतून ती सुटते, तरी तिला वगळायला मन होत नाही. रेशन दुकानापुढच्या रांगेत आमच्या मोहल्ल्यात अशा रजनी रोज दिसतात.

मराठीत दूरदर्शनवरची ‘दामिनी’ ही अन्यायाशी झुंजणारी पत्रकार. प्रतीक्षा लोणकर यांनी केलेली दामिनी मराठी घरांत इतकी रुजली की पुढे कित्येक दिवस त्यांना लोक त्याच नावाने ओळखत. १९९९ मध्ये अल्फा मराठीवर, म्हणजे आजच्या झी मराठीवर, ‘आभाळमाया’ सुरू झाली. विनय आपटे यांच्या या मालिकेतली सुधा जोशी सुकन्या कुलकर्णी यांनी साकारली. सुधा प्राध्यापक आहे, दोन मुलींची आई आहे. नवऱ्याचे बाहेरचे संबंध कळल्यावर ती कोसळते, पण कॉलेजला जाणे सोडत नाही. संसार हलला तरी पायाखाली स्वतःची जमीन असते, हे सुधाने मराठी प्रेक्षकांना भाषण न देता सांगितले.

त्यानंतरच्या काळात सासू-सुनांचे राज्य आले. २००० ते २००८ या वर्षांत ‘क्योंकि सास भी कभी बहू थी’मधल्या तुलसीने देशभर बैठक मारली. तुलसीचा त्याग, तिची सोशिकता आमच्या आयांना भावली, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण विराणींच्या त्या वाड्यात पैसा येतो कुठून, हा प्रश्न बायकांना पडू नये अशीच तिथली मांडणी होती. जिथे पगाराचा हिशेब नाही तिथे बाईच्या हाती उरते ती फक्त देवघराची किल्ली. म्हणून तुलसीबद्दल आम्हाला आदर वाटतो, पण तिच्यासारखे व्हावेसे वाटत नाही.

विदर्भाच्या बाबतीत ‘माझ्या नवऱ्याची बायको’ (२०१६ ते २०२१) या मालिकेची वेगळी नोंद घ्यायला हवी. अनिता दाते यांची राधिका नागपूरकडची. ती वऱ्हाडी बोलते आणि त्या बोलण्यावरून तिला गावंढळ ठरवले जाते. नवरा शनायाच्या नादी लागतो. राधिका मसाल्याचा धंदा काढते आणि त्यावर मोठी कंपनी उभी करते. कंपनीची वाढ मालिकेने फारच झटपट उरकली. मिरची कुठून आणली, पहिली उधारी कोणाची घेतली, तोटा कधी झाला, हे नीट दाखवले असते तर बचत गटातल्या बायकांना त्यातून काही शिकता आले असते. तरीही आपली बोली बोलणारी नायिका मुख्य वेळेला, मुख्य भूमिकेत दिसली याचा आनंद आमच्या शेजारणींच्या चेहऱ्यावर आम्ही पाहिला आहे. आपल्यासारखे बोलणारे कोणी पडद्यावर दिसले की माणूस ताठ बसतो.

इथूनच आमचा दुसरा प्रश्न सुरू होतो. आमच्यासारखे बोलणारी बाई पडद्यावर कुठे आहे?

हिंदी मालिकांत मुसलमान स्त्री दिसते. त्यातली आमची लाडकी म्हणजे ‘फरमान’मधली ऐमन शहाब. रफिया मंजूरुल अमीन यांच्या ‘आलमपनाह’ या उर्दू कादंबरीवरून लेख टंडन यांनी ही मालिका केली आणि ऐमनची भूमिका दीपिका देशपांडे या गुणी अभिनेत्रीने केली. ऐमन मध्यमवर्गीय घरातली, हैदराबादला नोकरीसाठी आलेली. नवाबी हवेलीच्या थाटापुढे ती बुजत नाही, उर्मटपणाही करत नाही. १८५३ पर्यंत आमचे वऱ्हाड निजामाकडेच होते. त्यामुळे तिथली तहजीब, तिथला लिहाज आम्हाला परका वाटत नाही. पण ऐमननंतर काय? सोनीवरची ‘हिना’ १९९८ मध्ये आली. तिची गोष्ट निकाह, तलाक यांभोवतीच घोटाळत राहिली. २०१२ च्या ‘कुबूल है’मधली झोया फारुकी बोलकी, धीट, हसरी होती. सुरभी ज्योतीने तिच्यात जीव ओतला. पुढे मालिकेने वर्षांच्या उड्या मारल्या, तीच अभिनेत्री दुसऱ्या-तिसऱ्या नावाने आली आणि झोया हरवली. तोंडी तलाकवर सर्वोच्च न्यायालयाचा निकाल २०१७ मध्ये लागला. दुसऱ्याच वर्षी ‘इश्क सुभान अल्लाह’ आली. तिच्यातली झारा धर्माचा अभ्यास करून मौलवींशी वाद घालते, ही गोष्ट मोलाची. परंतु तिच्याही आयुष्याचा केंद्रबिंदू तलाकच.

तलाकचा प्रश्न खोटा आहे असे आम्ही म्हणत नाही. त्याचे चटके सोसलेल्या बायका आमच्या ओळखीत आहेत. पण मुसलमान बाईच्या आयुष्यात तलाकाशिवाय काही घडतच नाही का? तिची बदली होत नाही, तिचा फंड अडकत नाही, तिला सासूचे औषध आणायचे नसते? झुंबर, शरारा, शायरी आणि तलाक या चार भिंतींबाहेरची बाई हिंदी मालिकांनी क्वचितच दाखवली.

ती आम्हाला दिसली सीमेपलीकडच्या मालिकेत. २०१४ मध्ये ‘जिंदगी’ वाहिनीवर ‘जिंदगी गुलजार है’ आली. उमेरा अहमद यांचे लेखन, सुलताना सिद्दीकी यांचे दिग्दर्शन. सगळ्यांना सनम सईदची कशफ आवडली. बापाने टाकलेली, कडू बोलणारी, परीक्षा देऊन सरकारी अधिकारी झालेली मुलगी. आम्हाला कशफहून तिची आई राफिया जास्त आवडली. समीना पीरजादा यांची राफिया सरकारी शाळेत मुख्याध्यापिका आहे. मुलगा हवा म्हणून नवऱ्याने दुसरे लग्न केले. तीन मुली तिच्या एकटीच्या पगारावर आणि शिकवण्यांवर वाढल्या. ती दमते, तिचे पैसे पुरत नाहीत, तरी ती वह्या तपासते. मुसलमान बाई वह्या तपासताना आम्ही पडद्यावर पहिल्यांदा पाहिली.

मात्र या मालिकेवरही आमचा आक्षेप आहे. राफियाची नोकरी गरजेपोटी, म्हणून ती पुण्यवान. नायकाची आई गझाला हौसेने आणि हुशारीने काम करते, म्हणून तिचा संसार बिघडलेला दाखवला. तिची मुलगी सारा स्वतःच्या मनाप्रमाणे वागते, म्हणून तिचे घर मोडते. बाईने पोट भरण्यासाठी काम केले तर ठीक, आवडीने केले तर घमेंड, असा हा छुपा निवाडा आहे. आमच्या मुलींना आम्ही तो शिकवू इच्छित नाही. २०१६ मध्ये त्या वाहिनीवरून पाकिस्तानी मालिका उतरल्या. राफिया गेली आणि आमच्या आवडत्या बायकांच्या यादीतली ती जागा पुन्हा रिकामी झाली.

मराठी मालिकांत तर ती जागा कधी भरल्याचे आम्हाला आठवत नाही. ऐतिहासिक मालिकेत मुसलमान बाई येते ती दरबारात कट रचणारी बेगम म्हणून. जिजाऊंचा जन्म आमच्याच जिल्ह्यातल्या सिंदखेड राजाचा. १२ जानेवारीला तिथे लोटणारी गर्दी आम्ही लहानपणापासून पाहत आलो. २००८ च्या ‘राजा शिवछत्रपती’त मृणाल कुलकर्णी यांनी आणि २०१९ पासूनच्या ‘स्वराज्यजननी जिजामाता’त अमृता पवार यांनी जिजाऊ साकारल्या. महाराज आग्र्याला गेले तेव्हा राज्याचा कारभार सांभाळणाऱ्या जिजाऊ आमच्या उर्दू वर्गातल्या मुलींनाही आपल्या वाटतात, कारण त्या आपल्या गावच्या. त्याच जिजाऊंचे वडील लखुजी जाधव निजामशाहीतले मातब्बर सरदार. त्याच निजामशाहीची अहमदनगरची चांदबिबी १५९५-९६ मध्ये मोगलांच्या वेढ्याला तटावर उभी राहून तोंड देत होती. वेढा उठवताना जो तह झाला त्यात आमचे वऱ्हाड मोगलांना द्यावे लागले. दोन वर्षांनी जिजाऊ जन्मल्या. १६०० साली चांदबिबीला तिच्याच लोकांनी संशयावरून मारले. एवढी नाट्यमय, एवढी मराठी मातीतली बाई, पण तिच्यावर मराठी मालिका आमच्या पाहण्यात नाही.

फातिमा शेख यांचेही तेच. सोनी मराठीवरची ‘सावित्रीजोती’ २०२० मध्ये सुरू झाली आणि प्रेक्षक कमी म्हणून वर्षभरात संपली. जानेवारी २०२५ मध्ये तर फातिमा शेख नावाची बाई झालीच नाही, असा वाद माजवला गेला. सावित्रीबाईंनी १० ऑक्टोबर १८५६ रोजी जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात फातिमाच्या कष्टांची काळजी केली आहे. आजारपणात माहेरी असलेल्या बाईला मागे काम ओढणाऱ्या मैत्रिणीची आठवण येते, याहून बोलका पुरावा कोणता हवा? जिचे चित्र पडद्यावर नाही तिचे अस्तित्व नाकारणे किती सोपे असते, ते या वादाने दाखवले.

यात सगळा दोष वाहिन्यांचा नाही. १९९० साली सोलापुरात पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हापासून आपल्या लेखकांनी कवितेत, कथेत, आत्मकथनात मुसलमान बाई पुष्कळ लिहिली. मालिकेचे संवाद मात्र आपण लिहिले नाहीत. ते लेखन हलके, असे आपणही मानले. आता ते सोडायला हवे. आपल्यातल्या तरुण लेखक-लेखिकांनी पटकथा शिकावी, वाहिन्यांचे दार ठोठवावे, तिथे नाही जमले तर मोबाईलवर दहा-दहा मिनिटांचे भाग काढावेत.

आम्हाला हवी असलेली बाई अशी आहे. ती घरात ‘हौ’ आणि ‘नक्को’ म्हणते, बाजारात वऱ्हाडी बोलते, पंचायत समितीत शुद्ध मराठीत अर्ज लिहिते. ती आशाताई असेल, कापूस वेचणारी असेल, शिलाई मशीनवर मुलींची फी काढणारी असेल, शाळेत शिकवणारी असेल. डोक्यावर ओढणी घेईल किंवा घेणार नाही, त्यावर एकही भाग खर्च होणार नाही. सुधासारखी ती कोसळली तरी कामावर जाईल, कल्याणीसारखी पायऱ्या चढेल, राफियासारख्या वह्या तपासेल, आणि काम आवडते म्हणून करते हे सांगताना लाजणार नाही. अशी एक मालिका मराठीत येऊ द्या. ‘शिकून ती करणार काय?’ असे विचारणाऱ्या आईला मग आम्ही फक्त मालिकेची वेळ सांगू.