सीताबर्डीचे पदक : साक्ष आणि मौन

हिंगणघाट तालुक्यातील अल्लीपूर ज्या भोसल्यांच्या राज्यात मोडत होते, त्या राज्याचे भवितव्य २६ व २७ नोव्हेंबर १८१७ रोजी सीताबर्डीच्या टेकडीवर पालटले. अप्पासाहेब भोसले यांच्या फौजेवरील इंग्रजांच्या या विजयाचे नाव 'आर्मी ऑफ इंडिया' या रौप्यपदकाच्या फितीवरील पट्टीत आढळते. परंतु पदक म्हणजेच इतिहास, असे संग्राहकाने मानता कामा नये.

पदकावर १७९९ ते १८२६ ही वर्षे अंकित आहेत. पट्ट्या मात्र १८०३ पासूनच्याच लढायांच्या आहेत. १७९९ च्या श्रीरंगपट्टणसाठी कंपनीने पूर्वीच वेगळे पदक दिले होते. शिवाय हे पदक १८५१ साली, म्हणजे सीताबर्डीनंतर ३४ वर्षांनी मंजूर झाले व तोवर हयात असलेल्यांनाच लाभले. त्यामुळे या पट्टीचे दुर्मीळपण हे शौर्याचे नव्हे, दीर्घायुष्याचे माप होय.

कडेवर धारकाचे नाव असते. तेवढ्यापुरती पदकाची साक्ष मोलाची आहे. टेकडीवर चालून गेलेल्या भोसल्यांच्या अरब शिपायांविषयी मात्र ते मौनच पाळते. विदर्भाच्या अभ्यासकाने पदक अवश्य जपावे, परंतु त्याच्या शेजारी भोसल्यांची कागदपत्रेही ठेवावीत. एका पक्षाच्या साक्षीवर निवाडा होत नाही.