सामायिक सर्व्हरचे लिनक्समध्ये स्थलांतर आणि मराठी अभिलेखांचा प्रश्न : एक चिकित्सा

प्रस्तावना :

अनेक टेबलांवरील संगणक एकाच सर्व्हरला जोडून त्यावर सर्वांनी काम करावे, ही रिमोट डेस्कटॉपची पद्धत लहान कार्यालयांना सोयीची ठरते. विंडोजमध्ये मात्र सर्व्हरच्या परवान्याखेरीज प्रत्येक वापरकर्त्यामागे अथवा प्रत्येक यंत्रामागे स्वतंत्र परवाना घ्यावा लागतो. शिवाय विंडोज सर्व्हर २००८ आर-२ चे विस्तारित साहाय्य १४ जानेवारी २०२० रोजी, तर २०१२ आर-२ चे १० ऑक्टोबर २०२३ रोजी संपुष्टात आले. अशा स्थितीत लिनक्सचा पर्याय पुढे येणे स्वाभाविक आहे. पुसद, वणी, उमरखेड यांसारख्या यवतमाळ जिल्ह्यातील तालुक्यांच्या ठिकाणी असलेल्या महाविद्यालयीन कार्यालयाच्या दृष्टीने हा पर्याय कितपत विचारपूर्वक मांडला जातो, याची चिकित्सा प्रस्तुत लेखात केली आहे.

समर्थनातील तथ्य व अतिशयोक्ती :

परवान्यांवरील खर्च वाचतो, हे निर्विवाद आहे. एक्सआरडीपी ही मुक्तस्रोत प्रणाली बसविल्यास टेबलांवरील विंडोज संगणकही पूर्वीच्याच पद्धतीने लिनक्स सर्व्हरला जोडता येतात. मात्र वीज जाऊन टेबलावरील संगणक बंद पडला तरी अपुरे काम सर्व्हरवर शाबूत राहते, हा गुण लिनक्सचा म्हणून सांगितला जातो, तो यथार्थ नाही. तो सामायिक सर्व्हर-पद्धतीचा गुण असून विंडोजमध्येही आढळतो; आणि दोन्हींत तो सर्व्हरला अखंड वीजपुरवठा असेल तरच टिकतो.

अडचणीचे मूळ :

खरी अडचण सर्व्हरमध्ये नसून त्यावरील मजकुरात आहे. युनिकोड रूढ होण्यापूर्वी मराठी मजकूर कृतिदेव, श्रीलिपी, तसेच सी-डॅकच्या आयएसएममधील फॉन्टांत टंकलिखित होत असे. या फॉन्टांत रोमन अक्षरांच्या संकेतांकांवर देवनागरी आकार बसविलेले असतात. म्हणजे पडद्यावर मराठी दिसते. संगणकाच्या लेखी ती रोमन अक्षरांची जुळणीच असते. त्यामुळे नावांचा अकारविल्हे क्रम लागत नाही व शोधही घेता येत नाही.

रूपांतर करतानाही अडथळे येतात. जुन्या फॉन्टांत ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी नोंदली जाते, युनिकोडमध्ये नंतर. रफाराचा क्रम याच्या उलट असतो. ‘ॲ’ या अक्षरास तर युनिकोडमध्ये स्वतंत्र स्थान २००८ मधील ५.१ या आवृत्तीत मिळाले. मराठी व इंग्रजी एकत्र असलेल्या तक्त्यात फॉन्टची नोंद उरली नसेल, तर रूपांतर करणारी प्रणाली इंग्रजी शब्दांचेही निरर्थक देवनागरी करून टाकते. विद्यार्थ्याच्या नावातील अशी एक चूक शाळा सोडल्याच्या दाखल्यात उतरली, तर तिचा भुर्दंड त्या विद्यार्थ्यास शिष्यवृत्तीपासून जात पडताळणीपर्यंत सोसावा लागू शकतो.

धोरणांची मर्यादा :

केंद्र शासनाने नोव्हेंबर २००९ मध्ये ई-प्रशासनासाठी युनिकोड हे मानक निश्चित केले, तर मार्च २०१५ मध्ये मुक्तस्रोत प्रणालींना प्राधान्य देणारे धोरण जाहीर केले. दोन्ही निर्णय स्वागतार्ह आहेत. परंतु २०१५ च्या धोरणाचा रोख नव्या प्रणाली व जुन्यांच्या नव्या आवृत्त्या यांवर आहे. कपाटात साठलेल्या जुन्या फायलींचे काय, हा प्रश्न कार्यालयाच्याच पदरात राहतो. जर्मनीतील म्युनिक नगरपालिकेचे उदाहरण येथे बोलके आहे. २००३ मध्ये लिनक्सचा निर्णय घेऊन तिने सुमारे १५ हजार संगणक बदलले. तरी २०१७ मध्ये विंडोजकडे परतण्याचे ठरविले. बाहेरील कार्यालयांशी होणाऱ्या कागदपत्रांच्या देवाणघेवाणीतील अडचणी, हा त्यावेळच्या तक्रारींतील एक प्रमुख मुद्दा होता.

निष्कर्ष :

यावरून स्थलांतराचा क्रम उलटा असावा, असे म्हणता येईल. प्रथम अभिलेखांचे युनिकोडमध्ये रूपांतर करावे आणि प्रत्येक नाव मूळ नोंदवहीशी माणसाने ताडून पाहावे. टंकलेखन यंत्राच्या कळरचनेवर हात बसलेल्या लिपिकांना इनस्क्रिप्टच्या सरावासाठी पुरेसा अवधी द्यावा. टॅलीसारख्या विंडोजवरच चालणाऱ्या प्रणालीसाठी एक संगणक वेगळा ठेवावा. सर्व्हर त्यानंतर बदलावा. या कामास लागणारे मनुष्यबळ खर्चाच्या अंदाजपत्रकात न दाखविता केवळ परवान्यांची बचत दाखविणे, ही हिशेबातील मोठीच गफलत होय. उलटपक्षी, हे काम पूर्ण झालेले कार्यालय पुढे विंडोजवर राहिले तरी त्याचे अभिलेख कोणत्याही एका प्रणालीचे ओलीस राहत नाहीत.