पासोलिनींची मरियामाता

इटालियन दिग्दर्शक पिएर पाओलो पासोलिनी स्वतःस नास्तिक म्हणवीत. धर्माच्या अवमानाबद्दल १९६३ साली न्यायालयाने त्यांना शिक्षाही ठोठावली होती. त्यांनीच १९६४ साली मत्तयकृत शुभवर्तमानावर चित्रपट काढून तो दिवंगत पोप तेविसावे जॉन यांच्या स्मृतीस अर्पावा, याचे आम्हांस प्रथम नवल वाटले. संवाद जवळजवळ सगळे मत्तयाचेच. मात्र क्रुसापाशी मरियामाता उभी असल्याचे मत्तय सांगत नाही, योहान सांगतो. पासोलिनींनी तिला तेथे आणले, आणि त्या भूमिकेत स्वतःच्या आईस, सुझान्नाबाईंना, उभे केले. त्यांचा धाकटा मुलगा गुईदो १९४५ मध्ये मारला गेला होता. त्या आक्रोशास अभिनय म्हणावयास आमचे मन धजत नाही. १९७५ साली पासोलिनींचीही हत्या झाली. आई तेव्हा हयात होती.