कवायत काहींची, लढाई सर्वांची : काला अंब आणि सरकारी कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण



सार्वजनिक क्षेत्रातील कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण आणि त्यातही सर्वांना सामावून घेणारे कार्यस्थळ घडवण्याचे प्रशिक्षण, हा या टिपणाचा विषय आहे. तुमच्यापैकी अनेक जण उद्या एखाद्या सार्वजनिक कंपनीत, महामंडळात किंवा शासकीय खात्यात रुजू होतील. पहिल्याच आठवड्यात तुम्हाला असे प्रशिक्षण दिले जाईल आणि शेवटी एक प्रमाणपत्र हातात पडेल. ते प्रशिक्षण चांगले की वाईट, हे कोणत्या निकषावर ठरवायचे? येथे आपण तो निकष शोधणार आहोत आणि सध्याची व्यवस्था त्यावर तपासून पाहणार आहोत.

१. काला अंब : एक उदाहरण

दिल्लीच्या उत्तरेला, राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात मोडणाऱ्या पानिपत जिल्ह्यात काला अंब हे ठिकाण आहे. १४ जानेवारी १७६१ रोजी मराठे आणि अहमदशहा अब्दाली यांच्यात झालेल्या लढाईचे स्मारक तेथे आहे. मराठी माणूस तेथे जातो तो शौर्याला आणि झालेल्या हानीला वंदन करण्यासाठी. आपण आज तेथे एक वेगळा प्रश्न घेऊन जाऊ. त्या दिवशी मैदानावर प्रशिक्षण कोणाला होते आणि कोणाला नव्हते?

‘कवायत’ हा शब्द आपण आज शाळेतल्या पी.टी.साठी वापरतो. अठराव्या शतकात कवायती पलटण म्हणजे युरोपीय पद्धतीने शिकवलेले पायदळ. इब्राहिमखान गारदी याच्याकडे अशी पलटण आणि तोफखाना होता. रांगेत उभे राहून, हुकुमासरशी, ठरल्या क्रमाने गोळीबार करायचा ही त्यांची पद्धत. सदाशिवरावभाऊंनी या पद्धतीभोवती ‘गोलाची लढाई’ योजली होती. तोफा आणि गारदी यांच्या आधाराने फौजेने रचना न मोडता पुढे सरकायचे होते. उरलेली बहुसंख्य मराठी फौज मात्र वेगवान घोडदळाची होती. झटकन हल्ला करणे, शत्रूला दमवणे आणि निसटणे यात ती पिढ्यान्‌पिढ्या तरबेज होती.

गारद्यांनी समोरच्या रोहिल्यांचे मोठे नुकसान केले. त्यानंतर विठ्ठल शिवदेव विंचूरकर आणि दमाजी गायकवाड यांची पथके रांग सोडून पुढे धावली आणि गारद्यांच्या माऱ्याच्या आड आली, असा प्रसंग मराठी इतिहासलेखनात वारंवार सांगितला जातो. केवळ यामुळे लढाई हरली असे म्हणणे चूक ठरेल. उपासमार, तुटलेली रसद, मित्रांचा अभाव, अब्दालीने राखून ठेवलेली ताजी फौज अशी अनेक कारणे होती. आपल्या विषयापुरता बोध मात्र स्पष्ट आहे. पुढे धावलेले स्वार भित्रे नव्हते, अडाणीही नव्हते. नव्या पद्धतीत आपली जागा कोणती, हे त्यांच्या अंगवळणी पडलेले नव्हते. कवायत एका पलटणीची झाली होती, लढायचे मात्र सगळ्यांनी एकत्र होते.

यावरून आपला निकष असा मांडू : प्रशिक्षण किती जणांनी घेतले, यापेक्षा एकमेकांवर अवलंबून असलेल्या माणसांचे वागणे त्यामुळे एकत्रितपणे बदलले का, हे पाहावे.

२. कर्मयोगी योजना : बरोबर काय, अपुरे काय

आता आजच्या काळात येऊ. २०१२ च्या राष्ट्रीय प्रशिक्षण धोरणाने प्रत्येक खात्याने वेतनाच्या तरतुदीच्या किमान २.५ टक्के रक्कम प्रशिक्षणासाठी ठेवावी, अशी शिफारस केली. २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने ‘मिशन कर्मयोगी’ला मंजुरी दिली. सुमारे ४६ लाख केंद्रीय कर्मचारी आणि पाच वर्षांसाठी ५१०.८६ कोटी रुपये, असा त्याचा आवाका होता. ‘आयगॉट कर्मयोगी’ या ऑनलाइन मंचावर कर्मचारी मोबाइलवरूनही अभ्यासक्रम पूर्ण करू शकतो.

या योजनेचे श्रेय तिला द्यायलाच हवे. पूर्वी प्रशिक्षण म्हणजे बहुधा अधिकाऱ्यांचे प्रशिक्षण. कारकून, तंत्रज्ञ, शिपाई यांच्यापर्यंत ते क्वचितच पोहोचे. मंचामुळे ही दारे उघडली. ‘नियमाधारित’ कारभाराकडून ‘भूमिकाधारित’ कारभाराकडे जायचे, म्हणजे पदाला लागणारी क्षमता आधी ठरवायची आणि मग अभ्यासक्रम निवडायचा, हा विचारही योग्य आहे. प्रत्यक्ष कामाच्या जागी होणाऱ्या शिक्षणाला महत्त्व द्यावे, असे योजनेच्या मांडणीतच म्हटले आहे.

अडचण मोजमापात आहे. ऑनलाइन मंचाला सहज मोजता येते ते असे : किती जणांनी नोंदणी केली, किती अभ्यासक्रम पुरे झाले, किती तास शिकणे झाले. जे सहज मोजता येते तेच हळूहळू उद्दिष्ट बनते. डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ मध्ये प्रशिक्षणाच्या मूल्यमापनाचे चार टप्पे मांडले : शिकणाऱ्याची प्रतिक्रिया, शिकलेले ज्ञान, कामातील वर्तन आणि संस्थेला मिळालेला परिणाम. अभिप्रायाचा अर्ज पहिल्या टप्प्यावर थांबतो, शेवटची चाचणी दुसऱ्यावर. कर्मचारी जागेवर परतल्यावर काय घडते हे तिसऱ्या आणि चौथ्या टप्प्यात कळते, आणि प्रमाणपत्र ते सांगू शकत नाही.

हे मी दुसऱ्यांवर बोट दाखवून लिहीत नाही. दिव्यांग विद्यार्थ्यांना कसे शिकवावे या विषयावरचे एक ऑनलाइन प्रशिक्षण मी व्हिडिओ चालू ठेवून, शेजारी उत्तरपत्रिका तपासत पूर्ण केले. चाचणीत उत्तम गुण मिळाले. पुढच्याच सत्रात एका अल्पदृष्टी विद्यार्थ्याने विचारले, “सर, फळ्यावरचा आलेख मला दिसत नाही, काय करू?” मी त्याला पहिल्या बाकावर बसायला सांगितले. तो आधीपासून पहिल्याच बाकावर बसत होता.

३. समितीच शिकलेली नसेल तर

समावेशक कार्यस्थळाच्या प्रशिक्षणात सर्वांत परिचित विषय म्हणजे लैंगिक छळाला प्रतिबंध. या कायद्याचा उगम आठवा. १९९२ मध्ये राजस्थान सरकारच्या महिला विकास कार्यक्रमात काम करणाऱ्या एका साथिनीने बालविवाह थांबवण्याचा प्रयत्न केला आणि त्याचा सूड म्हणून तिच्यावर सामूहिक अत्याचार झाला. त्यानंतर दाखल झालेल्या याचिकेतून १९९७ चा विशाखा निकाल आला आणि पुढे २०१३ चा कायदा. ज्या स्त्रीमुळे हा कायदा घडला, ती मानधनावर गावोगाव फिरणारी कार्यकर्ती होती. ‘कर्मचारी’ म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर टेबल-खुर्ची येते. तिच्याकडे तीही नव्हती.

म्हणूनच कायद्यातील ‘कर्मचारी’ या शब्दाची व्याख्या मुद्दाम व्यापक आहे. रोजंदारीवरील, कंत्राटी, परिवीक्षाधीन, प्रशिक्षणार्थी आणि शिकाऊ उमेदवारही तीत येतात. पानिपतजवळ इंडियन ऑइलचा मोठा तेलशुद्धीकरण कारखाना आहे. समजा, एखादी विद्यार्थिनी अशा प्रकल्पात शिकाऊ उमेदवार म्हणून गेली, तर पहिल्या दिवसापासून हा कायदा तिच्यासाठी आहे. कामानिमित्त मालकाने पुरवलेल्या वाहनातला प्रवासही ‘कामाचे ठिकाण’ ठरतो. तेव्हा प्रशिक्षणाच्या यादीत केवळ कायम कर्मचाऱ्यांची नावे असतील, तर ती यादी कायद्याच्याच व्याख्येला अपुरी पडते.

कलम १९ नुसार नियोक्त्याने सर्व कर्मचाऱ्यांसाठी जागृतीचे कार्यक्रम घ्यायचे असतात, आणि अंतर्गत समितीच्या सदस्यांसाठी स्वतंत्र उद्‌बोधन कार्यक्रमही. हे दुसरे काम टाळले तर काय होते, याचे उदाहरण मराठी मुलखाशेजारचे आहे. गोवा विद्यापीठातील एका प्रकरणात २००९ मध्ये समितीने चौकशी केली आणि प्राध्यापकाला नोकरीवरून काढण्यात आले. १२ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती कारवाई रद्द केली. कारण चौकशी अवाजवी घाईने उरकली होती आणि बाजू मांडण्याची पुरेशी संधी दिली गेली नव्हती. प्रकरण पुन्हा समितीकडे पाठवले गेले. त्याच निकालात न्यायालयाने कायद्याच्या अंमलबजावणीतील त्रुटींवर कडक शब्दांत बोट ठेवले आणि समित्यांच्या सदस्यांना नियमित प्रशिक्षण द्यावे असे निर्देश दिले.

चौदा वर्षांनंतर हाती काय आले ते पाहा. तक्रारदार विद्यार्थिनींना न्याय मिळाल्याचे समाधान नाही आणि ज्याच्यावर आरोप झाले त्याला निर्दोषत्वाचा निर्वाळाही नाही. चौकशी करणाऱ्यांना पद्धत ठाऊक नसली की दोन्ही बाजू हरतात. शेकडो कर्मचाऱ्यांना भित्तिपत्रके दाखवली पण समितीच्या सदस्यांना नोटीस कशी द्यावी, जबाब कसा नोंदवावा, उलटतपासणीचा हक्क कसा सांभाळावा हे शिकवले नाही, तर आपण पुन्हा पानिपतावर उभे आहोत.

४. कायद्यात अभियंत्याचेही नाव आहे

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ याकडे अभियांत्रिकीचे विद्यार्थी ‘समाजकल्याण खात्याचा विषय’ म्हणून पाहतात. त्याचे कलम ४७ वाचा. शिक्षक, डॉक्टर, परिचारिका, अंगणवाडी सेविका यांच्याबरोबर अभियंते आणि वास्तुविशारद यांच्याही अभ्यासक्रमात दिव्यांगत्व हा घटक असावा, असे ते सांगते.

कलम २० नुसार शासकीय आस्थापनेने दिव्यांग कर्मचाऱ्याला ‘वाजवी सोय’ करून द्यायची असते. म्हणजे अवाजवी बोजा न पडता कामात, साधनांत किंवा वेळेत आवश्यक तो बदल करायचा. सेवेत असताना कर्मचाऱ्याला दिव्यांगत्व आले तर त्याला काढता येत नाही किंवा पदावनत करता येत नाही. सध्याचे काम जमत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसरे काम द्यावे लागते.

आता विचार करा, ही सोय प्रत्यक्षात कोण करतो? पर्यायी कामाचा आदेश आस्थापना शाखा काढते, उतार स्थापत्य विभाग बांधतो, संगणकावर स्क्रीन वाचणारी प्रणाली माहिती तंत्रज्ञान कक्ष बसवतो, खरेदीला मंजुरी लेखा शाखा देते आणि ड्युटी लावतो तो पर्यवेक्षक. यांपैकी फक्त मनुष्यबळ अधिकाऱ्याला प्रशिक्षण मिळाले तर त्याची फाइल लेखा शाखेत अडेल. ‘संवेदनशील व्हा’ असे प्रत्येकाला स्वतंत्रपणे सांगून हे काम होत नाही. या पाच जणांनी एका टेबलाभोवती बसून एकच खरे प्रकरण शेवटपर्यंत सोडवायला हवे.

५. चांगले प्रशिक्षण कसे ओळखावे

यावर एक रास्त आक्षेप आहे. लाखो कर्मचारी, देशभर विखुरलेली कार्यालये. सर्वांना असे एकत्र बसवणे परवडणार कसे? ऑनलाइन मंचाशिवाय मार्ग नाही, हे मान्य. कायदा काय म्हणतो, व्याख्या कोणत्या, मुदती किती, हे मंचावर उत्तम शिकवता येते. मात्र तेथे शिकणे संपले असे समजू नये. मंचावरील अभ्यासक्रमानंतर त्याच कार्यालयात, त्याच माणसांसह, एक सराव झाला पाहिजे. कारखान्यात आगीचा सराव असाच होतो. आग विझवण्याचा व्हिडिओ पाहिला म्हणून कोणी सुरक्षा अधिकारी सराव रद्द करत नाही.

तुमच्यासमोर प्रशिक्षण येईल तेव्हा हे चार प्रश्न विचारा. यादीत कंत्राटी आणि शिकाऊ माणसे आहेत का? ज्यांना एकत्र निर्णय घ्यायचा आहे ते एकत्र शिकले का? सहा महिन्यांनी कोणी परत येऊन पाहणार आहे का? आणि ज्यांच्यासाठी हे प्रशिक्षण आहे, त्यांना शिकवणाऱ्यांत जागा आहे का? शेवटचा प्रश्न मी माझ्या त्या विद्यार्थ्याकडून शिकलो. आलेखाचे काय करावे हे अखेर त्यालाच विचारले. तो म्हणाला, “फळ्यावर काढताना तोंडाने सांगत जा ना, सर.” त्याला एवढेच हवे होते, आणि मागच्या बाकांवरच्या मुलांनाही त्याचा उपयोग झाला.

स्वाध्याय

१. तुमच्या महाविद्यालयातील अंतर्गत समितीच्या सदस्यांची नावे कोठे लावली आहेत ते शोधा. सदस्यांना कोणते प्रशिक्षण मिळाले, हे विचारून लिहा.

२. ‘सेवेत असताना दृष्टी गेलेला तंत्रज्ञ’ हे प्रकरण घ्या. त्याला पर्यायी काम मिळेपर्यंत फाइल कोणकोणत्या टेबलांवरून जाईल, याचा प्रवाहतक्ता काढा आणि ती कोठे अडेल ते दाखवा.

३. काला अंब किंवा तुमच्या गावाजवळच्या एखाद्या स्मारकाला भेट द्या. तेथे काम करणारे रखवालदार, माळी, सफाई कामगार यांपैकी कायम किती, कंत्राटी किती? चाकाच्या खुर्चीवरील पाहुणा आला तर काय करायचे, हे त्यांना कोणी सांगितले आहे का? त्यांच्याशी बोला आणि त्यांच्याच शब्दांत उत्तर लिहा.