लहुजी वस्ताद : शिष्यांच्या यादीपलीकडे

पुण्याच्या गंज पेठेतील तालमीचे वस्ताद लहुजी राघोजी साळवे (१७९४-१८८१) यांचे नाव आता महाराष्ट्रात तरी अपरिचित राहिलेले नाही. संगमवाडीस त्यांची समाधी आहे. मातंग समाजाच्या अभ्यासासाठी महाराष्ट्र शासनाने २००३ मध्ये नेमलेला आयोगही त्यांच्याच नावाचा. महाराष्ट्राबाहेरच्या आपल्यासारख्या मराठी वाचकांपर्यंत मात्र ते प्रायः वासुदेव बळवंत फडक्यांचे गुरू म्हणून, एका ओळीपुरतेच पोचतात.

गेल्या काही वर्षांत लहुजींवरील चरित्रपुस्तिका व जयंतीनिमित्तचे गौरवलेख बरेच वाचनात आले. त्यांमागची कृतज्ञता निःसंशय खरी आहे. परंतु त्यांचा साचा एकच. आरंभी १८१७ च्या युद्धात वडील राघोजींना आलेले वीरमरण आणि पुत्राची प्रतिज्ञा, मग तालीम, आणि मग शिष्यांची यादी : फुले, फडके, टिळक, आगरकर, चापेकर. यादी संपली की चरित्र संपते. माझा आक्षेप या यादीस आहे.

आयुष्याचा मोठा काळ सरकारी फाइली चाळण्यात गेल्यामुळे कोणते विधान कोणत्या आधारावर उभे आहे, हे पाहण्याची खोड मला जडली आहे. जोतीराव फुले लहुजींकडे दांडपट्टा आणि निशाणबाजी शिकले, याला खुद्द जोतीरावांच्या लेखनाचा आधार आहे. फडके १८७९ चे बंड उभारण्यापूर्वी पुण्यातच लष्कराच्या हिशेब खात्यात नोकरीस होते; त्यांनी लहुजींच्या तालमीत धडे घेतल्याची परंपरा काळाशी जुळते. पण आगरकरांचे काय? ते महाविद्यालयीन शिक्षणासाठी पुण्यात आले, तेव्हा वस्तादांनी वयाची ऐंशी वर्षे ओलांडली होती. अशा नावांस आधार दिल्याखेरीज ती पहिल्या दोन नावांच्या पंक्तीस बसवू नयेत. कारण यादीतील एक दुबळे नाव दाखवून सबंध चरित्रच दंतकथा ठरवणारे लोक आपल्यात कमी नाहीत.

याहून मोठा दोष दृष्टीचा आहे. शिष्यांच्या कीर्तीने गुरूची उंची मोजायची, म्हणजे मातंग वस्तादाचे मोठेपण पुन्हा इतरांच्याच दाखल्यावर अवलंबून ठेवायचे. वास्तविक लहुजींचे कार्य समजून घेण्यासाठी एक अस्सल समकालीन लेखन उपलब्ध आहे. फुल्यांच्या शाळेतील विद्यार्थिनी मुक्ता साळवे हिचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध १८५५ मध्ये 'ज्ञानोदय'च्या दोन अंकांत प्रसिद्ध झाला. ही मुलगी लहुजींच्याच कुळातील मानली जाते. पेशवाईत मांग किंवा महार तालीमखान्यासमोरून गेला तर त्याचा शिरच्छेद करून गुलटेकडीच्या मैदानात त्या शिराचा चेंडू करीत, असे ती लिहिते.

हा उल्लेख वाचला की लहुजींच्या तालमीचा अर्थच पालटतो. ज्या शहरात तालमीच्या दारावरून जाणे जिवावर बेतत होते, असे मुक्ता सांगते, त्याच शहरात एक मांग तालमीचा वस्ताद होतो आणि इतर जातींचे तरुण त्याच्या हाताखाली शिकतात! त्या आखाड्यात उतरलेला प्रत्येक अनाम पोरही या पालटाचा तितकाच साक्षीदार होता. पुढे अस्पृश्यांच्या मुलामुलींसाठी फुल्यांनी शाळा काढल्या, तेव्हा याच वस्तादांनी आपल्या समाजातील मुले शाळेत जावीत म्हणून खटपट केली. हातात पट्टा देणारा माणूस पाटीचेही मोल ओळखत होता. त्या खटपटीचे एक फळ म्हणजे मुक्ताचा निबंध, असे मी मानतो. यादीच्या नादात आपल्या चरित्रकारांनी हे फळ शेवटच्या पानावर ढकलले आहे.

फडक्यांचा शेवट आपल्या प्रदेशाशी जोडलेला आहे. श्रीशैलाकडे जाऊन त्यांनी निजामाच्या मुलखात रोहिल्यांची जमवाजमव चालवली, आणि जुलै १८७९ मध्ये आजच्या विजयपूर जिल्ह्यातील देवरनावदगी येथे ते पकडले गेले. त्यांनी रामोशी व इतर जातींतील माणसे सोबत घेऊन बंड केले. ही सोबत त्यांना परकी का वाटली नाही, याचे उत्तर शोधताना गंज पेठेतील तालमीकडे पाहावे लागेल. गुरू म्हणून लहुजींचा खरा वारसा शोधायचा तो येथे. केवळ शस्त्रविद्येत नव्हे.

अण्णाभाऊ साठ्यांनी १९५९ मध्ये 'फकिरा' लिहून मातंग वीराला मराठी कादंबरीत मानाचे स्थान दिले. लहुजींना असा लेखक अद्याप लाभलेला नाही. तो लाभेल तेव्हा त्याने यादी बाजूस ठेवावी, मुक्ताचा निबंध हाती घ्यावा, आणि तालमीच्या दारापासून आरंभ करावा.