दिवाणी आदेशांचे पुनर्विलोकन : भोर-वेल्हे परिसरातील जमीनवादांच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना

वादाला कोठेतरी शेवट असावा, हे न्यायदानाचे मूलतत्त्व होय. तथापि न्यायाधीशाच्या हातूनही चूक संभवते. या दोन सत्यांमधील तडजोड म्हणजे पुनर्विलोकन. भोर व वेल्हे (आता राजगड) या डोंगरी, धरणग्रस्त तालुक्यांत ही तडजोड कितपत न्याय्य ठरते, याची चिकित्सा येथे केली आहे.

कायदेशीर चौकट

दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ मधील कलम ११४ व आदेश ४७ यांनुसार तीनच कारणांवरून पुनर्विलोकन मागता येते : योग्य दक्षता घेऊनही पूर्वी ज्ञात नसलेला वा सादर करता न आलेला महत्त्वाचा पुरावा, अभिलेखावर उघड दिसणारी चूक आणि अन्य पुरेसे कारण. अर्जाची मुदत ३० दिवसांची आहे. तिसरे कारण वरकरणी व्यापक भासते. परंतु प्रिव्ही कौन्सिलने छज्जूराम विरुद्ध नेकी (१९२२) या प्रकरणात ते पहिल्या दोहोंशी सदृश असले पाहिजे असे ठरविले. मुंबई राज्यातील कूळकायद्यातून उद्भवलेल्या सत्यनारायण हेगडे प्रकरणात (१९५९) प्रश्न प्रत्यक्ष पुनर्विलोकनाचा नव्हता. तरीही जी चूक दाखविण्यासाठी लांबलचक युक्तिवाद करावा लागतो ती 'उघड' चूक नव्हे, ही सर्वोच्च न्यायालयाने सांगितलेली कसोटी पुढे पुनर्विलोकनालाही लागू झाली. म्हणजेच पुनर्विलोकन हे छुपे अपील नव्हे.

स्थानिक वास्तव

हे संकोचन तत्त्वतः योग्य आहे. हुकूमनामा मिळालेला पक्षही बहुधा शेतकरीच असतो; निकाल सतत उकरला जाऊ लागला तर त्याला निर्धास्तपणे पेरणी करता येणार नाही. खरी अडचण पहिल्या कारणातील 'योग्य दक्षता' या अटीत आहे. १९४८ साली विलीन होईपर्यंत या भागाचा मोठा हिस्सा पंतसचिवांच्या भोर संस्थानात होता. त्याच संस्थानातील सुधागड आज रायगड जिल्ह्यात आहे. जुने कागद मोडी लिपीत. ती वाचणारे मोजके. भाटघर, पानशेत, वरसगाव, गुंजवणी, नीरा-देवघर या धरणांनी गावे हलविली, कुटुंबे पांगली. अशा कुटुंबाला वाटणीचा एखादा जुना कागद निकालानंतर सापडला, तर 'त्याची नक्कल कचेरीत होतीच, शोधली का नाही?' हा प्रतिपक्षाचा प्रश्न तर्काला धरून असला, तरी वास्तवाला धरून नसतो. शहरातील कंपनी आणि विस्थापित खातेदार यांच्या दक्षतेला एकच माप लावणे म्हणजे विषमांना समान लेखणे होय.

महसुली समांतर मार्ग

याच जमिनीचा फेरफार महसूल अधिकाऱ्यापुढे असेल, तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ चे कलम २५८ लागू होते. तेथे खाजगी हक्कासंबंधीच्या आदेशाविरुद्ध पक्षकाराला ९० दिवस मिळतात. वास्तविक फेरफाराने मालकी निर्माण होत नाही, केवळ नोंदीविषयी गृहीतक उत्पन्न होते. मालकी ठरविणाऱ्या निकालासाठी ३० दिवस व नोंदीसाठी ९० दिवस, ही विसंगती विचारार्ह आहे. पटेल नरशी ठाकरशी प्रकरणात (१९७०) पुनर्विलोकनाचा अधिकार अंगभूत नसून तो कायद्यानेच द्यावा लागतो, असे सर्वोच्च न्यायालयाने म्हटले. अधिकार कायद्याचा म्हटल्यावर मुदतीतील विसंगती दूर करण्याची जबाबदारीही विधिमंडळाकडेच येते.

निष्कर्ष

'उघड चुकी'ची व्याख्या सैल करण्याचे कारण नाही. 'योग्य दक्षता' मात्र पक्षकाराची परिस्थिती, कागदाची लिपी व विस्थापनाचा इतिहास पाहून ठरावी. याचा गैरफायदा घेतला जाईल ही भीती अनाठायी आहे. कारण आदेश ४७, नियम ४ नुसार प्रतिपक्षाला नोटीस देणे आणि नव्या पुराव्याच्या अज्ञानाची काटेकोर सिद्धता होणे आवश्यकच आहे. विलंब माफ करण्यास मुदत अधिनियम, १९६३ चे कलम ५ उपलब्ध आहे. थोडक्यात, दार अरुंदच असावे. परंतु ज्याला तेथवर पोहोचण्याची वाटच धरणाखाली गेली, त्याच्या उशिराला हलगर्जीपणा म्हणू नये.