संमिश्र संघचित्र : नॉटमनचे तंत्र व आजचे बालक्रीडापटू

खेळाडूंचे संघचित्र म्हणजे एका क्षणी एका स्थळी उभ्या राहिलेल्या मंडळींची नोंद, ही समजूत इतकी रूढ आहे की तिची कोणी सहसा चिकित्सा करीत नाही. तथापि विल्यम नॉटमन (१८२६–१८९१) या माँट्रियल येथील छायाचित्रकाराने या समजुतीस शतकाहून अधिक काळापूर्वीच तडा दिला होता. १८७० मध्ये राजपुत्र आर्थर याच्या सन्मानार्थ व्हिक्टोरिया रिंकवर जो वेषधारी स्केटिंगचा उत्सव झाला, त्याचे नॉटमनच्या चित्रशाळेतून निघालेले चित्र प्रसिद्ध आहे. त्यात सुमारे ३०० व्यक्ती दिसतात. परंतु छायाचित्र घेतले जाताना त्यांतील कोणीही त्या बर्फावर उभे नव्हते. प्रत्येकाने आपला वेष करून चित्रशाळेत यावे, आधी काढलेल्या आराखड्यानुसार ठरवून दिलेली ढब घ्यावी, नंतर त्याची आकृती कातरून रंगविलेल्या पार्श्वभूमीवर चिकटवावी आणि त्या सर्वांचे पुन्हा एकवार छायाचित्र घ्यावे, अशी ही पद्धती होती. पार्श्वभूमीचे काम हेन्री सँडहॅम याच्यासारख्या चित्रकारांकडे असे.

यामागे लहर नव्हती. त्या काळच्या काचांना प्रकाश फार लागे. झाकलेल्या रिंकच्या अंधुक उजेडात शेकडो हलती माणसे टिपणे अशक्यच होते. शिवाय व्यापारी हिशेबही होता: ज्याचा चेहरा चित्रात स्पष्ट, तो प्रतीचा संभाव्य ग्राहक. पुढे बर्फपादुका वापरणाऱ्या मंडळांची चित्रेही याच रीतीने तयार झाली आणि आज ज्यास संमिश्र संघचित्र म्हणतात त्याचा पाया येथे घातला गेला.

या तंत्राची गल्लत फ्रान्सिस गॉल्टन याच्या प्रयोगाशी करू नये. १८७७ च्या सुमारास गॉल्टनने अनेक गुन्हेगारांचे चेहरे एकाच काचेवर एकावर एक उमटवून एक सरासरी चेहरा काढला. तेथे व्यक्ती विरून जाते. नॉटमनचे सारे कौशल्य व्यक्ती टिकविण्यात आहे, आणि त्याच्या चित्रातील दोषही नेमका येथूनच उद्भवतो. उत्सवाच्या चित्राकडे निरखून पाहता एक विलक्षण गोष्ट जाणवते: इतक्या गर्दीत कोणाची नजर कोणास धडपणे भिडत नाही. प्रत्येकावरील प्रकाश चित्रशाळेच्या काचेच्या छतातून आलेला आहे, प्रत्येक जण आपल्या वेषाच्या थाटात मग्न आहे, आणि एकाचाही तोल दुसऱ्याच्या धक्क्याने गेलेला नाही. ३०० एकांतांची ही जत्रा होय.

अमेरिका व कॅनडा येथील बालक्रीडापटूंची आजची संघचित्रे पाहताना हा दोष पुन्हा समोर येतो. तेथील छायाचित्रकार प्रत्येक मुलास एकट्याने उभे करतो, आकृती संगणकावर कातरतो आणि धूर, विजा व प्रकाशझोतांनी भरलेल्या आयत्या क्रीडांगणावर बसवितो. २०२० च्या साथीत मुलांना एकत्र उभे करणे अवघड झाल्याने या रीतीस अधिकच चालना मिळाली. तिचे लाभ उघड आहेत. एकाने डोळे मिटले म्हणून बाराजणांचे चित्र बिघडत नाही. तापाने अंथरुणास खिळलेले मूल आठवड्याने येऊन आपल्या जागी उभे राहू शकते.

या शेवटच्या सोयीस खोटेपणा म्हणणारे टीकाकार वस्तुतः चुकतात. संघचित्र त्या दिवशीच्या उपस्थितीची नव्हे, तर संघातील सभासदत्वाची साक्ष देते. आजारी मूल संघात होतेच. (जुन्या समूहचित्रांत अनुपस्थिताचा चेहरा कोपऱ्यातील लंबगोलात बसवीत, ती रीत अधिक प्रांजळ खरी, पण कोपऱ्यात एकट्या पडलेल्या मुलास तिचे कौतुक किती असेल, हा प्रश्न निराळा.) असत्य शिरते ते दुसऱ्याच दारांनी. पहिले, उंची. कॅमेऱ्याचे अंतर, त्याची उंची व भिंग कायम न ठेवता प्रत्येक आकृती चौकटभर घेतली, तर संघातील सर्वांत ठेंगणे मूल सर्वांत उंच मुलाच्या खांद्याला खांदा लावते; नऊ-दहा वर्षांच्या वयात उंचीतील हा फरकच तर त्या वर्षाची खरी खूण असतो. जमिनीवर उभे राहण्याची खूण आखणे व पडद्यावर मापपट्टी ठेवणे एवढ्याने हे टळते, म्हणून या बाबतीतील हयगय अक्षम्य म्हटली पाहिजे. पावलांखालच्या सावल्यांचेही तसेच. त्या नसल्या की मुले जमिनीवर उभी न राहता तरंगू लागतात.

दुसरी उणीव अधिक खोल आहे. हाताची घडी व रोखलेली नजर ही व्यावसायिक मल्लाची ढब प्रत्येक मुलावर लादली की, शेजाऱ्याच्या कोपराचा धक्का, दाबून ठेवलेले हसू, मित्राच्या खांद्यावर नकळत पडलेला हात, हे सारे नाहीसे होते. संघ नावाची गोष्ट याच स्पर्शांत असते. यावर उपाय नाही असे नव्हे: मुलांना एकेकटे न घेता दोघा-तिघांच्या गटाने टिपावे व ते गट जोडावेत. त्यात श्रम वाढतात, खांद्यावरचा हात कातरणे किचकट होते, आणि एकाने डोळे मिटल्यास तिघांनाही पुन्हा उभे करावे लागते. म्हणूनच घाऊक कामात हा मार्ग मागे पडतो.